भरावावरचे झरे

टोकियोतल्या निशीकासाई भागात राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना डिस्नेसी हे मनोरंजन उद्यान म्हणजे नदीपलीकडचा शेजार. एदोगावा वॉर्ड संपतो तिथे जुनी एदो नदी समुद्राला मिळते आणि पलीकडच्या तीरावर चिबा प्रांतातलं उरायासु सुरू होतं. ६ जून २०२४ ला तिथे ‘फँटसी स्प्रिंग्ज’ हा नवा विभाग उघडला आणि त्या वर्षी गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाचे द्रोण हातात घेऊन सगळ्यांनी बोलायला घेतला तो हाच विषय.

मतं ऐकायला मला फार आवडतात. एकाच जागेहून आलेली दहा माणसं दहा वेगळ्या जागा सांगतात. एक वहिनी म्हणाल्या, रापुंझेलची होडी छानच, पण जरा टेकून बसावं तोवर सफर संपते. त्यांच्या मुलाला होडीशी देणंघेणं नव्हतं. तो नेव्हरलँडच्या कवटीच्या खडकाबद्दल आणि चष्मा लावून पीटर पॅनबरोबर उडताना पोटात पडलेल्या खड्ड्याबद्दल हातवारे करून सांगत होता. नव्यानेच नोकरीला लागलेल्या एका मुलाने हिशेब मांडला: दिवसाप्रमाणे ७,९०० ते १०,९०० येनचं तिकीट, वर रांग टाळायची तर त्याचे पैसे वेगळे. पुण्याहून लेकीकडे आलेले एक निवृत्त स्थापत्य अभियंते फक्त खडकांबद्दल बोलले. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर जाळी, त्यावर सिमेंटचा गिलावा, आणि गिलावा ओला आहे तोवर हाताने कोरलेली प्रत्येक भेग. शेवटी एक काकू द्रोण खाली ठेवत म्हणाल्या, “पण सगळं खोटंच की गं. दगडसुद्धा खोटे!”

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. काकूंचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. लोक अशा जागेबद्दल बरंवाईट काहीही बोलोत, तळाशी हाच प्रश्न असतो: जे माणसाने ठरवून घडवलं, त्यावर जीव लावावा का?

नव्या विभागात शिरायची वाट अरेबियन कोस्ट आणि लॉस्ट रिव्हर डेल्टा यांच्या मधून जाते. पलीकडे निघालं की समोर खडक आणि खडकांतून झरणारं पाणी. जरा थांबून पाहिलं की खडकांतून चेहरे उमटायला लागतात. डिस्नेच्या गोष्टींतली पात्रं दगडातच दडवलेली आहेत. कुणाचे केस पाण्याच्या धारेत मिसळतात, कुणाचा हात कपारीत विरतो. पुढे तीन जगं: ‘फ्रोझन’चं अरेंडेल, रापुंझेलचं रान आणि पीटर पॅनचं नेव्हरलँड. सोबतचं ४७५ खोल्यांचं हॉटेल धरून सगळा पसारा सुमारे १४ हेक्टरांचा, आणि खर्च ३२० अब्ज येनच्या घरातला. हे आकडे माझ्या लक्षात राहिले, पण तिथे उभं असताना एकही आठवला नाही. आठवली ती रंगवलेली शेवाळ. सावलीच्या बाजूला गडद, उन्हाच्या बाजूला जवळजवळ पिवळी. ज्याने ती रंगवली त्याने खऱ्या रानात तासन् तास बसून खरी शेवाळ पाहिली असणार. दगड खोटा म्हणा हवं तर. ते पाहणं खोटं नव्हतं.

अरेंडेलच्या चौकात मला सगळ्यात जास्त दिसल्या विशीच्या आतबाहेरच्या मुली, मैत्रिणी-मैत्रिणींनी सारखे कपडे घालून आलेल्या. ‘फ्रोझन’ जपानमध्ये २०१४ साली लागला आणि त्याने सुमारे अडीच हजार कोटी येनची कमाई केली. ज्या मुली तेव्हा सात-आठ वर्षांच्या होत्या, अंघोळ करताना, शाळेच्या वाटेवर तेच गाणं म्हणत होत्या, त्या हा विभाग उघडला तेव्हा सतरा-अठराच्या झाल्या होत्या. तिथल्या होडीतून बाहेर येताना त्यांतल्या एकीचे डोळे वाहत होते आणि तिची मैत्रीण न बोलता तिची पिशवी धरून उभी होती. या मुलींचं मत कुणी विचारलं तर त्या एवढंच म्हणतील, छान होतं. त्या दोन शब्दांत त्यांची दहा वर्षं असतात, आणि मला ते मत भल्या लांबलचक वर्णनांपेक्षा मोलाचं वाटतं.

काकूंच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र मला उरायासुच्या जमिनीत सापडलं. इथे दगडच काय, जमीनही घडवलेलीच आहे. एकेकाळी हे कोळ्यांचं गाव होतं. ओहोटीला शिंपल्या वेचायच्या, हिवाळ्यात नोरी, म्हणजे समुद्री शेवाळ, काढून उन्हात वाळवायची. १९५८ साली नदीच्या वरच्या अंगाला एका कागद गिरणीने काळं पाणी सोडलं, मासे-शिंपल्या मेल्या आणि कोळी थेट गिरणीत घुसले. त्याच वर्षी जपानने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्धचे पहिले कायदे केले. पण समुद्र काही पूर्वीसारखा झाला नाही. १९७१ मध्ये कोळ्यांनी मासेमारीचे उरलेसुरले हक्कही सोडले, भराव पडत गेला आणि गावाचं क्षेत्र जवळपास चौपट झालं. त्या भरावावर १९८३ साली टोकियो डिस्नेलँड उभं राहिलं, २००१ साली डिस्नेसी. मुंबईत वाढलेल्या माणसाला भराव नवा नाही, तरीही हे वाचताना घशाशी आलं.

मग ११ मार्च २०११. भूकंपात उरायासुचा भराव पातळ झाला, रस्त्यांतून वाळू आणि पाणी वर आलं, मॅनहोल जमिनीतून वर उचकटले. ‘रापुंझेल’ जपानी पडद्यावर लागायची ठरलेली तारीख होती १२ मार्च. उद्याने काही आठवडे बंद राहिली. डिस्नेलँड १५ एप्रिलला उघडलं, डिस्नेसी २८ एप्रिलला. फँटसी स्प्रिंग्ज त्याच शहरात, डिस्नेसीच्या वाहनतळाच्या जागेवर उभारलं आहे. रापुंझेलच्या होडीतून जाताना डोक्यावर कंदील उजळतात तेव्हा मला हे आठवतं. इथल्या लोकांनी पायाखालची जमीन वाहताना पाहिली आहे, आणि तरी त्यांनी त्याच जमिनीवर झरे काढले. याला खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

माझं एक मत मात्र ठाम आहे, आणि ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. सुरुवातीला या विभागात नुसतं शिरायलाही पास लागे: मोबाइलवर मिळणारा किंवा विकत घ्यायचा. आत गर्दी आटोक्यात राही, म्हणून ज्यांना पास मिळाला ते तृप्त होऊन परतले. ज्यांना मिळाला नाही त्यांनी वाटेच्या तोंडापासूनच पाठ फिरवली. १ एप्रिल २०२५ पासून ही अट गेली. तेव्हापासून जुने तृप्त लोक म्हणतात, निवांतपणा हरवला. त्यांचं खरं आहे. तरी माझ्या लेखी हा विभाग उघडला तो त्या एप्रिलमध्येच. जत्रेत पाळण्यात न बसताही माणूस हिंडतो, दुसऱ्याच्या पोरांचं किंचाळणं ऐकून हसतो, आणि जत्रा त्याचीही असते. नुसतं बघायला आलेल्याला जागा हवीच. आता कठड्याला टेकून बसलेल्या आज्या दिसतात, कुठल्याच रांगेत नसलेल्या, पाण्याकडे बघणाऱ्या.

उरायासुच्या शहर संग्रहालयात, २००१ सालीच उघडलेल्या, १९५२ च्या सुमाराचं कोळ्यांचं गाव पुन्हा उभं केलं आहे. घरं, दुकानं, कालव्यात एकट्याने वल्हवायची होडी. तिथे जुनी माणसं येणाऱ्याजाणाऱ्याला माहिती देतात. त्यांच्यातल्या एका आजोबांना मी विचारलं, नवा विभाग पाहिलात का? नातीने नेलं होतं, म्हणाले. आणि मग ज्या बारकाईने ते होडीचे सांधे समजावत होते त्याच बारकाईने त्यांनी अरेंडेलच्या धक्क्याबद्दल सांगितलं. लाकूड जुनं दिसतं ते चांगलं जमलंय. दोर मात्र कुणी रोज हाताळत नाही, ते लगेच कळतं. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. एका कसबी माणसाने दुसऱ्या कसबी माणसाचं काम तपासावं तसं ते बोलत होते. मी ऐकलेल्या सगळ्या मतांत मला हे सर्वांत न्यायाचं वाटलं. दोराबद्दल ते बराच वेळ बोलत राहिले, मग एक शाळेची सहल आली आणि त्यांना तिकडे जावं लागलं.

परतीच्या केइयो लाइनवर समोर दोन कॉलेजातल्या मुली. डिस्नेलँडचं जुनं स्पेस माउंटन जुलै २०२४ मध्ये बंद झालं, नवं २०२७ ला उघडायचं आहे. एक म्हणत होती, जुन्याचा तो अंधार पुन्हा येणार नाही. दुसरी म्हणत होती, आधी बघू तर दे! कासाई रिंकाई आलं तरी दोघींचं एकमत झालं नव्हतं, आणि मी उतरले.