कांद्याची ट्रॉली, राहुड घाट आणि वजनाचा मेळ

लासलगाव, पिंपळगाव बसवंत, चांदवड, उमराणे या नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांच्या आवारात कांद्याच्या हंगामात सकाळपासून ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात, आणि या रांगांतील प्रत्येक जोडीत ओढणारे वाहन व ओढले जाणारे वाहन यांच्या वजनांचा काहीतरी मेळ शेतकऱ्याने जाणता-अजाणता घातलेला असतो. हा मेळ बहुधा अश्वशक्तीच्या, म्हणजे इंजिनाच्या ताकदीच्या हिशेबाने घातला जातो. 'आपला ट्रॅक्टर एवढं ओढतो' हीच गावातील रूढ भाषा आहे. ओढण्याची ताकद आणि थांबवण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी असून ट्रॉलीचे वजन दुसरीवरून ठरले पाहिजे, हे प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाला चांदवडहून उमराण्याकडे जाताना लागणाऱ्या राहुड घाटात एका हिवाळी सकाळी उमगले. त्या प्रसंगाकडे वळण्यापूर्वी या मेळामागची यंत्ररचना समजून घेणे आवश्यक आहे.

शेतीच्या ट्रॅक्टरला ब्रेक सर्वसाधारणपणे केवळ मागच्या दोन चाकांना असतात, आणि त्या दोन चाकांसाठी दोन स्वतंत्र पेडल दिलेले असतात. शेतात तासाच्या टोकाला वळताना एकाच बाजूचे चाक रोखून ट्रॅक्टर जागच्या जागी फिरवता यावा, ही त्यामागची सोय आहे. रस्त्यावर येताना मात्र हे दोन्ही पेडल कडी लावून एकत्र जोडावे लागतात, कारण घाईत एकच पेडल दाबला गेला तर ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जातो आणि मागची भरलेली ट्रॉली त्याला आडवा पाडू शकते. नाशिककडील बहुसंख्य ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसल्यामुळे संपूर्ण जोडीचा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन टायरांनाच आवरावा लागतो, आणि रस्त्यावरील त्या टायरांची पकड त्यांच्यावर किती वजन टेकले आहे यावर अवलंबून असते.

दुचाकी, म्हणजे एकाच आसाच्या ट्रॉलीत हे टेकलेले वजन बदलते असते. माल आसाच्या पुढे अधिक असेल तर ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरच्या हुकावर दाबते. हा दाब मर्यादेत असेल तर मागच्या चाकांची पकड वाढते, पण मर्यादेबाहेर गेला तर पुढची चाके हलकी होऊन चढावर स्टिअरिंग ऐकेनासे होते. उलट, माल आसाच्या मागे अधिक असेल तर दांडी हुकाला वर उचलू लागते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा भार कमी होतो, आणि ज्या दोन टायरांवर सगळी भिस्त आहे तेच टायर नेमके उतारावर दुबळे होतात. मोटारीच्या मागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचे राहते घर, जोडणाऱ्या ब्रिटनमधील लोकांत याच भाराला 'नाकाचे वजन' अशा अर्थाचा शब्द रूढ आहे आणि तो कॅरॅव्हॅनच्या भरल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के ठेवण्याची तेथे शिफारस केली जाते.

प्रस्तुत प्रसंगातील ट्रॉली लाल कांद्याने भरलेली होती. लाल कांदा चाळीत साठवला जात नाही, तो काढणीनंतर लवकर बाजारात जातो, आणि त्यामुळे तो भरण्याचे कामही घाईचे असते. शेतातल्या ढिगावरून पाट्यांनी कांदा ओतताना मजूर मागचा फाळका उघडा ठेवून मागूनच भरत गेले, ढीग मागच्या अंगाला चढला, आणि पुढच्या कोपऱ्यांत हातभर पोकळी राहून गेली. वरून पाहणाऱ्याला ट्रॉली नेहमीसारखीच दिसत होती. ट्रॅक्टर घरातील थोरले काका चालवत होते आणि लेखक मोटारसायकलवरून मागे येत होता, त्यामुळे घाट सुरू होण्याआधीच्या किरकोळ उतारावरच त्याच्या लक्षात आले की ट्रॉलीचा मागचा भाग डावी-उजवीकडे झोल खात आहे आणि हुकातील पिन सारखी खडखडत आहे. रुंद जागा पाहून ट्रॅक्टर बाजूला घेतल्यावर काकांनी, "मागून कुणीतरी ढकलतंय असं वाटतंय," एवढेच सांगितले. खाली वाकून पाहता दांडीचा डोळा पिनेला वरच्या अंगाने घासलेला आणि तिथले लोखंड ताजे चकाकत असलेले दिसले, म्हणजे ट्रॉली हुकाला उचलत होती. त्याहून काळजात धस्स करणारी गोष्ट अशी की ब्रेकच्या पेडलांची कडी आदल्या दिवशी शेतात सोडली होती, ती तशीच सुटलेली होती.

पुढचा दीड तास मागचा कांदा क्रेटमध्ये भरून पुढे ओतण्यात गेला. साधारण वीस किलोचे सुमारे पन्नास क्रेट, म्हणजे दहा क्विंटल कांदा, दीड मीटर पुढे सरकला, आणि मग पिनेची खडखड थांबली. कडी लावून, ज्या गिअरमध्ये एवढ्याच भाराने तो घाट चढावा लागला असता त्याच गिअरमध्ये, इंजिनाच्या रोधावर ट्रॅक्टर खाली उतरवण्यात आला. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणारे चालक हा रोध आपणहून सोडून देतात, आणि ट्रॉलीच्या बाबतीत याहून घातक सवय दुसरी नाही.

पुढच्या एका खेपेला कुटुंबाने भुईकाट्यावर, म्हणजे वाहन जसेच्या तसे तोलणाऱ्या जमिनीतील काट्यावर, थोडे अधिक तपशिलाने वजन केले. एकटा ट्रॅक्टर १,९४० किलो भरला. ट्रॉली जोडलेली, पण तिची चाके काट्याबाहेर, अशा स्थितीत तोच ट्रॅक्टर २,२८० किलो भरला. म्हणजे हुकावरचा दाब ३४० किलो होता. कांद्यासह ट्रॉली सुमारे ३,९०० किलोची, म्हणजे ट्रॅक्टरच्या दुप्पट होती. टायर व रस्ता यांचा घर्षणांक ०.६, वीसास एक असा उतार आणि ताशी २० किलोमीटर वेग धरून ढोबळ गणित केले, तर एकटा ट्रॅक्टर सुमारे पाच मीटरमध्ये थांबतो आणि भरलेल्या ट्रॉलीसह त्याला सुमारे पंधरा मीटर लागतात. तीच ट्रॉली, तेवढाच कांदा, पण मागच्या अंगाला भरल्यामुळे हुक दीडशे किलोने उचलला जात असेल, तर हे अंतर सत्तावीस मीटरच्या आसपास जाते. वेग दुप्पट केला तर प्रत्येक अंतर चौपट होते; ताशी ४० किलोमीटरने नीट भरलेली ट्रॉलीही साठेक मीटर घेते, आणि घाटातील वळणावर तेवढे अंतर पुढे मोकळे असेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

ब्रिटनमधील कॅरॅव्हॅनच्या जगात नवख्या चालकाला असे सांगितले जाते की कॅरॅव्हॅनचे भरलेले वजन मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये. आणि ब्रेक नसलेल्या ट्रेलरला तर तेथील कायद्याने ७५० किलो किंवा मोटारीच्या रिकाम्या वजनाचा निम्मा भाग, यांतील जे कमी असेल ती मर्यादा आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले असल्याने गंगापूर धरणाकाठी मुक्कामाला येणाऱ्या अशा जोड्या पुढेमागे वाढतील, आणि मुंबईला परतताना त्यांना कसारा घाट उतरावा लागू शकेल. या मर्यादांशेजारी नाशिकची दुप्पट वजनाची, बिनब्रेकची ट्रॉली ठेवून पाहिली की ती केवळ कमी वेगाच्या आधाराने चालते हे स्पष्ट होते. द्राक्षबागेत फवारणीसाठी घेतलेला, जेमतेम एक टन वजनाचा छोटा ट्रॅक्टर हंगामात कांद्याच्या ट्रॉलीला जुंपला जातो तेव्हा तर तो सपाटीवर ती ओढतो, आणि उतारावर ट्रॉलीच त्याला ओढते. अशी जोडी घाटात नेऊच नये.

ट्रॉली भरल्याचा अंदाज डोळ्यांनी करणे हाही एक सापळा आहे, कारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि दोन फूट उंच हौद्यात कांदा सुमारे वीस क्विंटल मावतो, तर तोच हौदा वाळूने भरला की पन्नास क्विंटलांच्या पुढे जातो. या कुटुंबाच्या ट्रॉलीत आता आतल्या पत्र्यावर तैलरंगाच्या दोन रेघा ओढलेल्या आहेत. वरची कांद्यासाठी, आणि तिच्याखाली बरीच खाली, वाळूसाठी.