महिन्यातला एक दिवस, बघण्याचा



महिन्यातून एक दिवस आम्ही दोघं घराबाहेर पडतो. लग्नाला नाही, दवाखान्यात नाही, संघाच्या यात्रेलाही नाही. नुसतं काहीतरी बघायला. कधी जुनं घर, कधी चित्रं, कधी म्युझियम. हे कळल्यावर मंडळातल्या दोघी-तिघींनी विचारलं, "या वयात म्युझियममध्ये काय ठेवलंय? त्यापेक्षा पालिताण्याला जाऊन या." पालिताणा झालं आहे, पुन्हाही जाऊ. पण या एका दिवसाने आमच्या घरात जे केलं, ते सांगावंसं वाटतं.

आमचं कुटुंब एकत्र. लग्न होऊन आले तेव्हा घरात अकरा माणसं होती. यांचं भुसार मालाचं दुकान, सकाळी आठला उघडायचं आणि दिवेलागणीला बंद व्हायचं. बाहेर जायचं तर सगळ्यांनी मिळून, सासूबाई पुढे आणि मुलं मागे. दोघांनीच कुठे जायचं असतं, हे फैजपुरात आमच्या पिढीला कोणी सांगितलंच नव्हतं. मग दुकान मुलाच्या हातात गेलं आणि हे घरी बसले. दिवसभर समोरासमोर असूनही बोलायला विषय म्हणजे औषधं, लाइटबिल आणि सूनबाईंची नोकरी. त्यातच यांना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली जपायची. यांच्या डाव्या डोळ्याचा कडेचा भाग गेला आहे. त्या रात्री हे एवढंच म्हणाले, "चाळीस वर्षं वजनकाटाच बघितला." दुसऱ्या दिवशी मी कॅलेंडरवर एका तारखेला गोल केला.

पहिल्यांदा गेलो जळगावला, बहिणाबाईंच्या घरी. जुन्या जळगावातल्या चौधरीवाड्यातलं त्यांचं घर आता स्मृतिसंग्रहालय आहे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता त्या गात आणि त्यांचा मुलगा सोपानदेव आणि पितांबर चौधरी ती गाणी उतरवून घेत. १९५१च्या डिसेंबरमध्ये त्या गेल्या. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्या घरात त्यांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत. अशा वस्तू आपण माळ्यावर टाकतो किंवा भंगारवाल्याला देतो. यांनी बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं, "तू कामाच्या वेळी काय म्हणतेस?" इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला. मी म्हटलं, "नवकार. आणि कधी कधी सिनेमाची गाणी." हे इतके हसले की शेजारची मुलं बघायला लागली.

मग चाळीसगाव. भुसावळहून रेल्वेने जायचं आणि स्टेशनजवळच केकी मूस यांचा बंगला. हे पारशी कलावंत १९१२ साली मुंबईत जन्मले, इंग्लंडला कला शिकले आणि परत आल्यावर चाळीसगावात राहिले ते १९८९ साली जाईपर्यंत. जवळजवळ पन्नास वर्षं ते घराबाहेर पडलेच नाहीत म्हणावं, इतकं क्वचित पडले. छायाचित्रं, चित्रं, कोरीव काम, सगळं त्याच घरात बसून. टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या, त्यावर प्रकाश असा टाकायचा की फोटोत खरंखुरं दृश्य वाटावं, ही त्यांची खासियत. चाळीसगावात त्यांची एक गोष्ट सांगतात. तरुणपणी एका मुलीने येईन असं वचन दिलं होतं, म्हणून ते रोज रात्री पंजाब मेल जाईपर्यंत तिची वाट बघत. गोष्ट किती खरी, किती लोकांनी वाढवलेली, ते असो. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून विचार करत होते. एक माणूस एका व्यक्तीची आयुष्यभर वाट बघतो. आणि आम्ही दोघं एका छताखाली असून एक गोष्ट मिळून बघायला साठी ओलांडावी लागली.

आता आपल्या बायकांच्या मनातला खरा प्रश्न. नियमधर्माचं काय? आमचा दोघांचा चोविहार आहे. त्यामुळे नवकारशी करून निघायचं आणि सूर्यास्ताच्या आत खाणंपिणं उरकायचं. डब्यात मेथीचे ठेपले, खाकरा, कोरडी मुगाची डाळ. उकळलेलं पाणी स्टीलच्या दोन बाटल्यांत. हॉटेल शोधावंच लागत नाही. खर्च म्हणाल तर मी बीकॉम, हिशेब लिहिल्याशिवाय झोप येत नाही. २०२३ पासून एसटीत आम्हां बायकांना अर्धं तिकीट आहे. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात दोघांचा दिवस एका साध्या साडीच्या किमतीत होतो, आणि साडीपेक्षा जास्त दिवस टिकतो.

चातुर्मासात आम्ही गाव सोडत नाही. तेव्हा फैजपूरच बघतो. मैत्रिणींनो, १९३६च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन आपल्या गावात झालं, खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू. गांधीजींचा आग्रह होता की सगळं खेड्यातल्या साहित्यातून उभं राहावं, म्हणून सजावटीसाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले. एवढ्या मोठ्या चित्रकाराने इथे बांबू आणि आसपासच्या साध्या वस्तूंनी अधिवेशनाची नगरी सजवली. पुढे हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी त्यांनी काढलेली चित्रं आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जपून ठेवली आहेत. फैजपूरचा बांबू मात्र काम झाल्यावर उतरला असेल, कोणाच्या मांडवाला नाहीतर कुंपणाला गेला असेल. आम्ही संध्याकाळी फिरत त्या बाजूला जातो. हे आजोबांकडून ऐकलेलं सांगतात, मी ऐकते. तिथे काचेची पेटी नाही, तिकीट नाही. पण अपरिग्रहाचा धडा मला तिथेच नीट कळला. सुंदर करायचं, आणि सोडून द्यायचं.

सगळ्यात जास्त मनात राहिलं ते मुंबईचं. लेकीकडे गेलो होतो तेव्हा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. १९२२ मध्ये लोकांसाठी उघडलेली ही वास्तू आपण गाडीतून शंभरदा बघतो, आत जात नाही. तिथे धातूची एक जिनप्रतिमा आहे, साधारण नवव्या शतकातली. मध्ये भगवान ऋषभदेव आणि भोवती इतर तेवीस तीर्थंकर. आणि ती सापडली कुठे, तर चहार्डीला! चोपडा तालुक्यातलं चहार्डी. आमच्या यावल रस्त्याने सरळ पुढे. आपल्या खानदेशातले भगवान मुंबईत काचेआड बसलेले.

मन जरा गलबललं. ना प्रक्षाल, ना पूजा, ना दिवा. येणारे-जाणारे चपला घालून पुढे जात होते. ही आशातना म्हणायची का? हात जोडावेत की नाही? मी यांच्याकडे बघितलं तर हे डोळे बारीक करून काचेला नाक लावायच्या बेतात. म्हणाले, "मधले भगवान दिसतात. बाजूचे दिसत नाहीत." मग मी यांच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि हळू आवाजात लोगस्स सुरू केला. कोणती लहान आकृती कोणत्या भगवानांची, हे मला सांगता येणार नव्हतं. पण लोगस्समध्ये चोवीसही नावं येतात. प्रत्येक नावाला मी एकेका आकृतीकडे बोट करत गेले, काचेला न लावता. हे माझ्याबरोबर म्हणत होते. संपल्यावर यांनी माझा कोपर धरला आणि तसाच धरून आम्ही पुढच्या दालनात गेलो. फैजपूरच्या बाजारात यांनी माझा हात कधी धरलेला नाही.

आशातनेचा प्रश्न मी नंतर एका महासतीजींना विचारला. त्या म्हणाल्या, भाव शुद्ध असेल तर बघणंसुद्धा वंदन आहे. मला ते पटलं.

ज्यांना सुरुवात करायची असेल त्यांना माझ्या अनुभवाचं थोडंसं. एका दिवशी एकच ठिकाण. जाण्याआधी फोन करून उघडं आहे का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी सोमवारी सुट्टी असते. सगळं बघून संपवायचं नाही. पाच वस्तू नीट बघा आणि घरी येताना एकमेकांना विचारा, तुला कोणती आवडली? यांना जे आवडतं ते मला कधीच आधी ओळखता येत नाही, आणि त्यातच मजा आहे. जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ जवळ आहे, २०१२ मध्ये सुरू झालं. पण ते मोठं आहे, गुडघे दुखत असतील तर सकाळीच जा.

पुढच्या महिन्यात आम्ही धुळ्याला जाणार आहोत, राजवाडे संशोधन मंडळात. इतिहासाचार्य राजवाडे १९२६च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात वारले आणि लगेच १९२७ मध्ये लोकांनी त्यांच्या नावाने ही संस्था काढली. तिथे जुनी शिल्पं आहेत. यांच्या उजव्या डोळ्याला अजून छान दिसतं. डावीकडचं मी सांगेन.

कोणाला यायचं असेल तर जरूर या. फक्त मंडळाची बस करू नका. जोडीने या.