खारेपाटातील बिनखलाशांची गलबते

मुंबईहून अलिबागेस निघालेला प्रवासी वडखळ मागे टाकून धरमतरचा पूल ओलांडतो, तेव्हा त्याचे मन बहुधा पुढे समुद्रावर जाऊन पोहोचलेले असते. कुलाब्याचा किल्ला, किहीमची वाळू, नारळी-पोफळीच्या वाड्या यांचीच चित्रे त्याच्या डोळ्यांपुढे असतात. अंबा नदीच्या खाडीला लागून पसरलेला, पावसाळ्यात धड जमीनही नव्हे आणि धड पाणीही नव्हे असा जो सपाट मुलूख त्याच्या वाटेत लागतो, त्यास खारेपाट म्हणतात. आणि तेथे कोणी मुद्दाम उतरत नाही. गेल्या श्रावणात आम्ही मात्र मुद्दाम उतरलो, आणि तेही एक भलीमोठी लांबट पेटी घेऊन.

त्या पेटीची हकीकत आधी सांगितली पाहिजे. आमचा पुतण्या पुष्कळ वर्षे इंग्लंडात असतो. त्याचा तेरा वर्षांचा मुलगा, म्हणजे आमचा नातू, तेथील एका तळ्यावर रेडिओच्या साहाय्याने चालणाऱ्या शिडाच्या लहान नौकांच्या शर्यतींत भाग घेतो. सुटीत पुण्यास येताना त्याने आपली नौका, तिचे भाग सुटे करून, बरोबर आणली होती. परंतु पुण्यात ती सोडावयाची कोठे? आमच्या बंधूंनी, म्हणजे त्याच्या आजोबांनी, वाड्यातील हौदाकडे बोट दाखविले, तेव्हा तो बिचारा नुसता हसला. मग आम्हांस खारेपाटातील आमचे जुने स्नेही गुरुजी आठवले. त्यांच्या गावी श्रावणात मुले शिडाच्या होड्यांच्या शर्यती लावतात, हे आम्ही लहानपणी पाहिले होते.

गुरुजींचे व आमचे नाते थोडे निराळे आहे. आमच्या आजोबांची त्या गावी काही जमीन होती आणि गुरुजींचे वडील ती कसत असत. याच खारेपाटातील चरी गावाच्या परिसरात 1933 साली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तो 1939 पर्यंत चालला, आणि इतकी वर्षे लोकांनी पोट बांधून शेते पडीक ठेवली. त्या काळच्या कडू गोष्टी आमच्या घरी एका तऱ्हेने सांगितल्या जात व गुरुजींच्या घरी दुसऱ्या तऱ्हेने. पुढे कूळकायद्याने 1957 साली कसणारांना मालकी मिळाली व आमची जमीन रीतसर त्यांची झाली. देणेघेणे संपले, आणि मग खरा स्नेह सुरू झाला, असे आम्ही म्हणतो. गुरुजी यावर काही बोलत नाहीत. तांदळाची गोणी मात्र दरवर्षी पाठवितात.

ही जमीन म्हणजे मनुष्याने समुद्राच्या तोंडून काढलेला घास होय. खाडीच्या कडेने मातीचे बांध घालून भरतीचे खारे पाणी बाहेर अडवावयाचे आणि आत पडलेले पावसाचे गोडे पाणी भातासाठी राखावयाचे. बांधात जागोजाग उघाडी असते. ओहोटीस तिच्यातून आतले जादा पाणी निघून जाते; भरतीस तिचे दार बंद होते. पूर्वी गावकरी एकजुटीने बांध राखीत. 1948 च्या खारजमीन कायद्यानंतर सरकारने त्यात लक्ष घातले. तथापि कायदा कोणताही असो, एखाद्या उधाणाच्या रात्री बांधास खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते. मग ते मीठ धुऊन निघावयास अनेक पावसाळे लागतात, आणि खांड वेळेवर बांधली नाही तर शेतात कांदळवन उभे राहते. आमच्या आजोबांच्या जमिनीचा खाडीकडील तुकडा असाच गेला आहे. गुरुजींनी तो आम्हांस बांधावरून दाखविला. जेथे लहानपणी आम्ही लावणी पाहिली, तेथे आता कांदळ आणि बगळे.

घरापुढे तळे असणे ही खारेपाटाची जुनी चाल. खाडीतून जिताड्याची पिले आणून या गोड्या पाण्यात सोडतात व ती वर्षे-दोन वर्षे वाढवितात. गुरुजींच्या घरापुढेही असे तळे आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याच्या काठी सात-आठ मुले आपापल्या होड्या घेऊन उभी होती. पश्चिमेचा वारा होता आणि भाताची रोपे एका बाजूस लवत होती. गुरुजींचा नातू त्या रोपांकडे टक लावून पाहत होता. ‘वारा पाण्यावर दिसायच्या आधी भातावर दिसतो,’ असे तो आमच्या नातवास म्हणाला. दोघांत झालेले हे पहिले भाषण.

त्याची होडी पांगाऱ्याच्या लाकडाची होती. ज्या हलक्या, मऊ लाकडातून सावंतवाडीची खेळणी घडत आली, तेच हे लाकूड. सुमारे दीड हात लांबीचा एकच ठोकळा तासून व पोखरून तिचे अंग केले होते. खाली, होडी कलंडू नये म्हणून, लोखंडाची पट्टी बसविली होती. डोलकाठी बांबूची, आणि शीड खताच्या पिशवीच्या प्लॅस्टिकचे, कारण सुती कापड भिजून जड होते. मागे पत्र्याचे सुकाणू. होडीवर माणूस नाही, यंत्र नाही, दोरीही नाही. दक्षिणेच्या काठावरून ती सोडावयाची. आडव्या वाऱ्यावर तिने एकटीने तळे ओलांडून उत्तरेच्या काठास लागावयाचे. जी आधी लागेल ती जिंकली.

हे ऐकण्यास सोपे वाटते, पण तसे नाही. शीड भरले की होडीचे नाक वाऱ्याच्या तोंडाकडे वळू पाहते. म्हणून सुकाणू आधीच किंचित उलट्या बाजूस वाकवून ठेवावे लागते. ते कमी वाकविले तर होडी वाऱ्याकडे तोंड करून फडफडत उभी राहते. जास्त वाकविले तर वेग मरतो व ती वाऱ्याबरोबर भलत्याच काठाला जाते. शिडाची दोरी आवळली तर झुळकीसरशी होडी आडवी होते. सैल सोडली तर शीड पोटच धरीत नाही. आणि हा सगळा हिशोब होडी हातात असताना, पुढे येणारा वारा मनात धरून करावयाचा. एकदा हात सुटला की काठावरच्या मुलाला ओरडण्याखेरीज काही करता येत नाही. तेवढे मात्र ती सर्व मुले मनापासून करीत होती.

आमच्या नातवाने पेटी उघडली तेव्हा हा आरडाओरडा एकदम थांबला. त्याची नौका ‘आंतरराष्ट्रीय एक मीटर’ या वर्गातील होती. 1988 च्या सुमारास ठरविलेल्या या वर्गाचे नियम मोठे काटेकोर आहेत. लांबी एक मीटरहून अधिक नको. वजन चार किलोंहून कमी नको. नौकेची खोली पाण्याखाली 42 सेंटिमीटरांपर्यंत, आणि तिच्या तळाशी दोन-अडीच किलो शिशाचा गोळा. वारा मंद, मध्यम वा जोराचा असेल त्याप्रमाणे शिडांचे तीन संच. आत विजेवर चालणारी दोन लहान यंत्रे असतात: एक सुकाणू फिरविते, दुसरे शिडांच्या दोऱ्या आवळते वा सोडते. काठावर उभा असलेला खेळाडू हातातील पेटीवरच्या दोन दांड्या अंगठ्यांनी हलवून या दोनच गोष्टी करू शकतो. नौका ढकलावयास आत यंत्र नाही. चालविणारा शेवटी वाराच.

रेडिओने नौका हाकण्याची कल्पना मात्र वाटते तितकी नवी नाही. 1898 साली न्यूयॉर्क येथे निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने लोकांसमोर पाण्याच्या हौदात एक लहान नौका तारेवाचून चालवून दाखविली होती. तथापि शिडाच्या लहान नौकांचे शौकीन पुढेही पुष्कळ काळ रेडिओवाचूनच खेळत राहिले. इंग्लंडातील तळ्यांवर जुन्या काळी नौकेच्या मागील भागी वाऱ्याची दिशा दाखविणारे एक पाते बसवून ते सुकाणूस जोडीत. वारा फिरला की पाते फिरे व नौका आपला मार्ग आपणच राखी. खेळाडू हातात काठी घेऊन काठाकाठाने धावे आणि काठास लागलेली नौका वळवून पुन्हा सोडी. अर्थात विलायतेतील ती मंडळी व आमच्या खारेपाटातील ही मुले एकाच शाळेत शिकलेली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

पहिल्या शर्यतीचा निकाल मात्र कोणी अपेक्षिला नव्हता. इंग्लंडची नौका राजहंसासारखी निघाली, चार-पाच हात पुढेही गेली, आणि तळ्याच्या मध्यावर एकाएकी थबकली. तिचा खोल तळ पाण्यातील शेवाळात अडकला होता. नातवाच्या हातातील दांड्या इकडून तिकडे फिरत होत्या, आतील यंत्रे इमानाने त्याची आज्ञा पाळीत होती, परंतु नौका जागची हलेना. तिच्या शेजारून पांगाऱ्याच्या होड्या एकामागून एक निघून गेल्या. आम्हांस आंग्र्यांच्या आरमाराची आठवण झाली. त्यांची लहान गलबते उथळ तळाची असत व शत्रूची मोठी जहाजे जेथे येऊ शकत नसत अशा खाड्यांत ती निर्धास्त शिरत. 1721 साली इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर चाल केली आणि दोघांना हात हलवीत परतावे लागले, ते याच किनाऱ्यावर. आम्ही हे नातवास सांगू लागलो. पण त्या क्षणी त्यास इतिहास नको होता. गुरुजींचा नातू कमरेइतक्या पाण्यात उतरला व नौका सोडवून घेऊन आला.

दुसरी शर्यत उघाडीजवळच्या खोल पाण्यात झाली आणि तेथे इंग्लंडच्या नौकेने आपले पाणी दाखविले. ती वाऱ्याच्या तोंडावर निघाली. सरळ नव्हे, कारण सरळ वाऱ्यात कोणतेही शीड चालत नाही. एकदा डावीकडे तिरपी, एकदा उजवीकडे तिरपी, अशी नागमोडी. तिरप्या शिडावरून वाहणारा वारा नौकेस पुढे व बाजूस ओढतो. बाजूची ओढ खोल तळ पाण्यात अडवून धरतो, आणि उरते ती पुढची गती. अशा रीतीने ती वाऱ्याविरुद्ध दूर गेली, वळली, आणि जेथून निघाली होती तेथे नातवाच्या पायाशी येऊन थांबली. मुले स्तब्ध झाली. त्यांच्या होड्यांना जाणे ठाऊक होते. परत येणे त्यांनी प्रथमच पाहिले.

सायंकाळी ओटीवर बसलो असता आमचे बंधू फोनवर आले. हे नित्याचेच. मुलगा इंग्लंडात असो की खारेपाटात, रोज रात्री त्याची चौकशी केल्यावाचून त्यांचा दिवस संपत नाही. पोहोचलात कधी, रस्ता कोणता घेतला, मुलाला पाणी उकळून दिले ना, परतताना अमुक मार्गाने या. चाळिशी उलटलेला पुतण्या ‘हो बाबा, हो बाबा’ म्हणत होता. त्याने फोन ठेवला तेव्हा गुरुजी मंद हसले. त्यांचा मुलगा व्यापारी जहाजावर आहे; महिनेच्या महिने खबर नसते.

आम्ही म्हणालो, ‘गुरुजी, तुम्हांस काळजी वाटत नाही?’

‘वाटते ना, तात्या,’ ते म्हणाले. ‘पण तो निघाला तेव्हा जे बांधायचे ते बांधून दिले. आता वारा त्याचा आणि सुकाणू त्याचे.’ थोड्या वेळाने ते पुढे म्हणाले, ‘परत आलेली बोट पाहून मुले आज किती गप्प झाली, पाहिलेत? मीही झालो.’

यावर आम्ही काय बोलणार? आमच्या घरात हात न सोडण्याची रीत, त्यांच्या घरात सोडण्यापूर्वी सर्व नीट करून देण्याची. एकीत जवळीक आहे पण मुलाची चाळिशी उलटली तरी बापाचा अंगठा दांडीवरच. दुसरीत विश्वास आहे पण बांधावर उभे राहून वाट पाहणेही आहे. यांतली कोणती बरी हे आम्हांस त्या रात्री ठरविता आले नाही. एवढे मात्र वाटले की ज्याला पुढे फोनवरून वळविता येईल अशी आशा असते, तो पांगारा तासताना थोडा उतावीळ होतो.

दुसरा सबंध दिवस नातवाने पेटी उघडलीच नाही. गुरुजींच्या नातवाबरोबर तो ओसरीत लाकूड तासत बसला होता. तिसऱ्या दिवशी, निघण्यापूर्वी, त्याने आपली होडी तळ्यात सोडली. पहिल्या खेपेस ती वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. दुसऱ्या खेपेस पूर्वेच्या गवतात शिरली. तिसऱ्या खेपेस त्याने सुकाणूचा पत्रा नखाएवढा वाकविला, बराच वेळ भाताकडे पाहिले, आणि हात सोडला. होडी निघाली. मध्यावर झुळूक आली, ती कलली, सावरली. आमचे लक्ष नातवाच्या हातांकडे गेले. ते रिकामे होते. परंतु दोन्ही अंगठे, नसलेल्या दांड्यांवर, हळूहळू हलत होते. होडी समोरच्या काठास लागली तेव्हा ते थांबले.