फेरी बिल्डिंगसमोरचा मोकळा रस्ता

भारतातून आई-वडील आले की आम्ही बे एरियातली मंडळी त्यांना गोल्डन गेट दाखवून सॅन फ्रान्सिस्कोच्या फेरी बिल्डिंगला नेतो. पाणी, पामची झाडं, जुन्या धर्तीच्या ट्राम, सगळे खूश! पण याच जागी पूर्वी दुमजली एम्बार्कडेरो फ्रीवे होता. त्याच्याआड खाडी झाकली जायची.

हा फ्रीवे गोल्डन गेटपर्यंत न्यायचा बेत होता. लोकांच्या विरोधामुळे १९५९ साली नगरमंडळाने शहरातले १०पैकी ७ नियोजित फ्रीवे रद्द केले आणि हा ब्रॉडवेपाशीच अडला. गंमत म्हणजे, १९८६ साली तो पाडायचा प्रस्ताव मतदारांनीच फेटाळला! १७ ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपात तो खिळखिळा झाला. तरी चायनाटाऊनचे दुकानदार म्हणत, दुरुस्त करा, नाहीतर गिऱ्हाईक तुटेल. त्यांची काळजी काही खोटी नव्हती. १९९१ मध्ये पाडकाम सुरू झालं. त्यासाठी झटणारे महापौर आर्ट ॲग्नोस त्याच वर्षी निवडणूक हरले.

वाहनं आम्ही इंजिनिअर मोजू शकतो. झाकलेली खाडी, तुटणारं गिऱ्हाईक, हे मात्र तिथे राहणाऱ्यांनीच येऊन सांगावं लागतं. तेव्हा आपल्या गावातल्या रस्त्याच्या सुनावणीची नोटीस आली, तर रद्दीत टाकू नका. एक संध्याकाळ काढून जाऊ या.