आतल्या पडद्यावरचे करूब



"तुमचे ते ऑनलाइन दुकान कसे चालले आहे?" असे मंडळीतल्या कोणी विचारले की आम्ही हसून विषय बदलत होतो. आज खरे सांगतो. फारसे चालत नाही. 14 महिन्यांत 11 संच विकले गेले.

आम्ही दोघे नवराबायको कुकटपल्लीतल्या आमच्या घरी मोबाइल आणि संगणकावरच्या खेळांसाठी चित्रे काढतो. खेळ बनवणाऱ्या सगळ्यांनाच चित्रकला येते असे नाही. जमीन, झाडे, घरे, चालणारी माणसे यांचे तयार संच ते विकत घेतात. एकेक चौकोनी तुकडा जेमतेम 32 बाय 32 पिक्सेलचा. पण त्याची कड शेजारच्या तुकड्याशी जुळली नाही, तर सारी जमीन फाटल्यासारखी दिसते. एकदा काढलेला संच कितीही वेळा विकता येतो, ही यातली आशा. रोज नवे संच येतात आणि आपला मागे पडतो, ही यातली निराशा. शिवाय काही दुकाने किमतीचे 30 टक्के स्वतःकडे ठेवतात.

बर्फातले किल्ले आणि देवदार काढणारे पुष्कळ आहेत. आम्ही हैदराबादचे खडक काढले. एकावर एक तोललेले, सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वीचे ग्रॅनाइट, मध्ये ताड, बाजूला दगडी विहीर.

हळूहळू एक वाईट सवय लागली. सकाळी वचन उघडण्याआधी हात फोनकडे जाई. विक्री शून्य दिसली की त्या दिवसाची प्रार्थनाही कोरडी होई. एका रात्री आमच्यातल्या एकाने विचारले, "देवाला हे काम हवे असते, तर त्याने इतके दिवस हात आखडता घेतला असता का?" दुसऱ्याकडे उत्तर नव्हते. घरभाड्याची तारीख जवळ आली होती.

त्याच आठवड्यात संडे स्कूलमध्ये निवासमंडपाची पुठ्ठ्याची प्रतिकृती करायची होती. निर्गम 26 वाचून मुलांनी कागदी पडद्यांवर करूब रंगवले. मग बकऱ्यांच्या केसांच्या पडद्यांऐवजी आम्ही वर गोणपाट घातले आणि त्यावर कातड्यांची म्हणून आणखी दोन आच्छादने. सगळे रंग झाकले गेले. एक मुलगी रागावलीच. "मग आम्ही एवढं कशाला रंगवलं? बाहेरून काहीच दिसत नाही!"

तिचा प्रश्न आमचाच होता. देवाने बसालेलाला कारागिरीसाठी आपल्या आत्म्याने भरले, असे निर्गम 31 सांगते. तरी पडद्यांवरचे ते करूब छावणीतल्या बहुतेक लोकांना कधी दिसले नाहीत. याजक तेवढे आत जात. परमपवित्रस्थानात तर प्रमुख याजक वर्षातून एकाच दिवशी जाई. किती डोळे पाहतील, हे मोजून देवाने ते काम सांगितले नव्हते. आम्ही त्या मुलीला टॉर्च दिला. पुठ्ठ्याच्या दारातून डोकावून ती म्हणाली, "आतून सगळं दिसतंय."

पण इथेच थांबलो तर ते अर्धे सत्य होईल. बसालेलाला सोने, सूत, कातडी लोकांनी आणून दिली, इतकी की मोशेला पुरे म्हणावे लागले. आम्हाला मात्र भाडे भरायचे आहे. म्हणून प्रेषितांची कृत्ये 18 उघडले. करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे तंबू करत असे आणि पौलही त्यांच्याबरोबर कामाला बसला. पोटासाठी दुसरे काम धरणे म्हणजे पाचारण सोडणे नव्हे. आमच्यातल्या एकाने आता चित्रकलेच्या शिकवण्या धरल्या आहेत. संचांचे काम आठवड्यातल्या तीन संध्याकाळी होते. विक्रीचा आकडा महिन्याच्या एक तारखेलाच पाहतो.

आपणही देवदारच काढावेत का, असेही वाटून गेले. तेव्हा आंजेलो दा फोन्सेका आठवले. 1902 साली गोव्यात जन्मलेले हे चित्रकार शांतिनिकेतनात शिकले. त्यांनी पवित्र मरियेला साडीत रंगवले. गोव्यात त्यांच्यावर टीका झाली. ते पुण्याला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आले आणि चित्रे काढत राहिले. 1967 साली ते वारले. आज त्यांची पुष्कळ चित्रे गोव्यातल्या झेवियर सेंटरमध्ये जपलेली आहेत. आम्हाला धीर येतो तो या मागाहूनच्या मानामुळे नव्हे. तो पाहायला ते नव्हतेच. टीका होऊनही त्यांनी कुंचला खाली ठेवला नाही, यामुळे येतो.

गेल्या महिन्यात आमच्या 11 गिऱ्हाइकांपैकी एकाने लिहिले, "विहिरीतला पोहरा हलता करून द्याल का?" दोन संध्याकाळी बसून, आठ चित्रांत, आम्ही तो पोहरा वर चढवला. बारावा संच अजून विकला गेलेला नाही. पण 11 हा आता नुसता आकडा राहिला नाही. त्यातून एक शेजारी पुढे आला, आणि प्रीती करायला शेजारी लागतो, गर्दी नव्हे.

तुमच्यापैकी कोणी शिवणकाम करत असेल, कोणी लोणची-मसाले विकत असेल, आणि दाराशी गिऱ्हाईक येत नसेल. कामात सुधारणा करा, गरज पडली तर जोडधंदा धरा. पण आपली किंमत त्या वहीतल्या आकड्यावरून ठरवू नका.

प्रार्थना: प्रभू, आमच्या हातांचे काम तू आतून पाहतोस. आजची भाकर दे, कामात खोटेपणा येऊ देऊ नकोस, आणि सकाळी आमची पहिली नजर तुझ्याकडे वळव. येशूच्या नावाने मागतो, आमेन.