कुलाबा नावाचे स्टेशन होते

चर्चगेटला गाडी लागली की सारे उतरतात, पुढे रूळच नाहीत. पण आपल्या आजे-पणजांच्या काळात दादर-एल्फिन्स्टनला गाडीत बसलेला माणूस चर्चगेट मागे टाकून थेट कुलाब्याला उतरत असे. बी.बी.सी.आय. रेल्वेचे ते शेवटचे स्टेशन होते.

चर्चगेट १८७० साली सुरू झाले. मग रूळ कुलाब्यापर्यंत नेले आणि १८९६ साली तेथे मोठी इमारत उभी राहिली. लांब पल्ल्याच्या गाड्याही तेथूनच सुटत. गुजरातकडचा कापूस तेथे उतरे आणि जवळच कापसाचा बाजार भरे. हा बाजार पुढे शिवडीकडे हलला, तो नाव घेऊनच. हार्बर लाईनच्या कॉटन ग्रीनला उतरून हिरवळ शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे! जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली. आणि तीनच वर्षांत, ३१ डिसेंबर १९३० रोजी, स्टेशन बंद झाले.

गाड्या रिकाम्या धावत होत्या, असे मुळीच नाही. जपानमध्ये होक्काइडो बेटावरचे क्यू-शिराताकी हे खेड्यातले स्टेशन मार्च २०१६ मध्ये प्रवासी उरले नाहीत म्हणून बंद झाले. शाळेला जाणाऱ्या एका मुलीमुळे त्याची बातमी जगभर गेली. कुलाब्याचे दुखणे उलटे होते. येथे माणसे भरपूर होती, पण जमीन त्यांच्याहून महाग झाली. बॅकबेचा समुद्र बुजवून नवी जमीन काढायचे ठरले आणि किनाऱ्याचे रूळ तिच्या आड आले. लांबच्या गाड्यांसाठी मुंबई सेंट्रल बांधले, ते १८ डिसेंबर १९३० ला उघडले. लोकलवाल्यांची मात्र चर्चगेटलाच बोळवण झाली. कुलाब्यात कामाला जाणाऱ्याने पुढे पायपीट करावी नाही तर पदरचे पैसे मोडावेत.

वाचकहो, समुद्र बुजवणारे खाते कोणते, ठाऊक आहे? १९२० सालचे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे आपले बीडीडी! वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथील २०७ चाळी त्याच खात्याने बांधल्या. एका हाताने श्रीमंतांसाठी समुद्रातून जमीन काढली, दुसऱ्या हाताने कामगाराला १६० चौरस फुटांची खोली दिली. त्या खोल्यांत आपल्या किती पिढ्या वाढल्या, शिकल्या, हे सांगायला नको. आता तेथे टॉवर उभे राहत आहेत. हक्काचे मोठे घर मिळते, याचा आम्हाला आनंदच आहे. पण चाळी पडण्याआधी कुटुंबातल्या वडीलधाऱ्यांकडून खोलीनंबरांसह आठवणी लिहून घ्याव्यात. कुलाबा स्टेशनात घाम गाळलेल्या हमालांच्या आठवणी आज कोणाकडे मागायच्या?

जागा पाहायची असल्यास सोय झाली आहे. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो दादरहून थेट कफ परेडला जाते. जवळच बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे, स्टेशन तेथेच होते. रस्त्यावरून आम्हाला त्याची काही खूण दिसली नाही. परत येताना मुलांना घेऊन ओव्हल मैदानावरून चर्चगेटपर्यंत चालत यावे. मैदानाच्या पश्चिमेच्या देखण्या इमारती रूळ उखडल्यानंतरच्या आहेत. पूर्वी तेथून आधी आगगाडी दिसे आणि तिच्यामागे समुद्र.