पाण्याच्या नोटिशीवर माझी सही

आमच्या सोसायटीत जिन्याखाली नोटिसा लावायची एक काचेची पेटी आहे. 2022 सालच्या मे महिन्यात त्या पेटीत एक कागद लागला. अमुक नंबरच्या सदनिकेची नऊ महिन्यांची मेंटेनन्सची रक्कम थकली आहे, सबब सोमवारपासून त्यांचे पाणी बंद करण्यात येईल, असा मजकूर होता. खाली तीन सह्या होत्या. चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार. खजिनदार मी होतो.

वाचकहो, मी विहारात मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. जयंतीच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब फळ्यावर लिहून ठेवतो. चळवळीतला माणूस म्हणून चार लोक ओळखतात. अशा माणसाची सही त्या कागदावर होती. ही गोष्ट लिहावी की नाही याचा पुष्कळ दिवस विचार केला. परंतु आपले बहुतेक लोक आता वस्तीतून, चाळीतून फ्लॅटमध्ये राहायला आले आहेत. कोणी बिल्डरच्या इमारतीत आहेत, कोणी झोपडपट्टी पुनर्वसनाच्या. या कमिट्यांशी सर्वांचीच गाठ पडते. म्हणून लिहितो.

माझे वडील खडकीच्या कारखान्यात कामाला होते. आम्ही येरवड्याला एका खोलीत राहायचो. नळ सार्वजनिक. पहाटे चारला आई हंडे रांगेत लावायची आणि मला राखण बसवायची. वडिलांच्या फंडाचे आणि माझ्या कर्जाचे पैसे मिळून 2004 साली विश्रांतवाडीच्या बाजूला आम्ही हा फ्लॅट घेतला. इमारत तीस फ्लॅटची, संमिश्र वस्तीची. घर बघायला गेलो तेव्हा दलालाने दोनदा विचारले होते, "पूर्ण नाव काय म्हणालात?" मी दोन्ही वेळा पूर्ण नाव सांगितले. व्यवहार झाला. स्वतःच्या नळाला पाणी आले त्या दिवशी आई किती तरी वेळ मोरीत नुसती उभी होती.

कमिटीत मी कसा गेलो तेही सांगितले पाहिजे. आदर्श उपविधीप्रमाणे शंभरपर्यंत सभासदांच्या सोसायटीत अकरा जणांची कमिटी असते. त्यांत दोन जागा महिलांच्या, एक अनुसूचित जाती-जमातीची, एक इतर मागासवर्गाची व एक भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाची. योग्य माणूस नसला तर ती जागा रिकामी राहते, दुसऱ्याला देता येत नाही. आपल्या बौद्ध बांधवांनाही ही जागा लढवता येते; 1990च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीच्या सवलती बौद्धांना लागू झाल्या, हे अजूनही कित्येक सोसायट्यांच्या सेक्रेटरींना माहीत नसते. आमच्या चेअरमननी मला बोलावून घेतले आणि म्हणाले, "ती तुमच्यावाली जागा रिकामी आहे, या तुम्ही." तुमच्यावाली हा शब्द मी गिळला. पुढे मी बी. कॉम. आहे हे कळल्यावर वह्याही माझ्याकडे आल्या. खरे सांगायचे तर मला बरे वाटले. निवृत्त साहेब मंडळींच्या शेजारी खुर्ची मिळाली, "जरा हिशेब बघा हो" असे ते मलाच म्हणू लागले. माणूस असाच अडकतो.

आमच्या कमिटीचा नियमांवर फार जोर होता. गॅलरीबाहेर कपडे वाळत घातले, दोनशे रुपये दंड. जिन्यात चपला ठेवल्या, शंभर. पोरे पार्किंगमध्ये खेळली, शंभर. हे दंड महिन्याच्या बिलात येऊन पडायचे. कोणाला म्हणणे मांडायला बोलावले नाही, सर्वसाधारण सभेत ठराव नाही. वास्तविक उपविधी मोडल्याबद्दल आधी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते, दंड ठरवायचा तो सर्वसाधारण सभेने, सभासदाचे ऐकून घेऊन, आणि तोही वर्षाला पाच हजारांच्या आतच. हे पुस्तक माझ्या कपाटात होते. उघडले नव्हते, इतकेच. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी मात्र बाजूची मोकळी जागा जाळी लावून आत घेतली होती. त्या जाळीवरून कोणाला दंड झाल्याचे मला आठवत नाही.

आता त्या बाईंविषयी. त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात, दवाखान्यात आया आहेत. पती आजारपणात गेले. फ्लॅट पतीच्या नावावर, नॉमिनी म्हणून यांचे नाव. हस्तांतराचा अर्ज त्यांनी वेळेवर दिला होता, तो सेक्रेटरींच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिला. आधी बाकी भरा, मग नाव लावू, असे उत्तर. म्हणजे सभेत बोलायचा हक्कही नाही. त्या आपल्या समाजाच्या नाहीत. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे काही जणांनी मलाच विचारले की तुम्ही त्यांच्यासाठी एवढे का केले. जणू पाणी काय ते आपापल्या माणसाला द्यायचे असते!

सही केली त्या रात्री जेवताना मी सहज बोलून गेलो. आईने ताटातला हात थांबवला.

"कुणाचं पाणी तोडताय?"

मी सांगितले. नियम आहे म्हटले. कमिटीचा निर्णय आहे म्हटले.

ती म्हणाली, "दरवर्षी 20 मार्चला तू पोरांना महाडचं सांगतोस. तळं गावचंच होतं, नगरपालिकेनं सगळ्यांना खुलं केलं होतं, तरी आपल्याला हात लावू देत नव्हते. तेव्हा अडवणारे बी नियमच सांगत होते. आणि तू त्यांच्यासारखी सही करून आलास?"

एवढे बोलून ती उठली. मी तिला समजावू लागलो की तो अस्पृश्यतेचा प्रश्न होता, हा थकबाकीचा आहे. तिने ऐकून घेतले नाही. तिचे चुकले असे मला आजही म्हणता येत नाही.

तरी सोमवारी मी गप्पच राहिलो. प्लंबरने गच्चीवर जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. आमच्या भागात 1 जानेवारी 2021 रोजी भामा आसखेडचे पाणी सुरू झाले. त्या वर्षी कोरोनामुळे कोरेगाव भीमाला जाता आले नव्हते, घरूनच अभिवादन केले होते, म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. पूर्व पुण्याला इतकी वर्षे वाट बघायला लावून पाणी आले, आणि दीड वर्षाने आम्ही एका घराचे ते बंद केले. दोन दिवस आमच्या घरातून माझा मुलगा बादल्या वर नेत होता. आई भरून द्यायची. माझ्याकडे कोणी बघत नव्हते.

दुसऱ्या रात्री मी उपविधी काढून बसलो. थकबाकीवर व्याज घ्यायचे तर सरळ व्याज, जास्तीत जास्त 21 टक्के. वसुलीसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 मध्ये पूर्वी कलम 101 होते. 2019च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांचे वेगळे प्रकरण आले, त्यात कलम 154बी-29 आहे. उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, दोन्ही बाजूंची सुनावणी होते, मग वसुली दाखला मिळतो. रस्ता लांबचा आहे, पण आहे. पाणी तोडा असे मला कुठेच सापडले नाही. नॉमिनी किंवा वारसाच्या नावे हस्तांतर करताना प्रीमियम घेता येत नाही, हेही त्याच रात्री वाचले.

मग वही काढली. बाईंचे महिना 700 प्रमाणे नऊ महिन्यांचे 6,300 रुपये होते. आम्ही दरमहा दोन टक्के चक्रवाढ लावून आणि दंडाचे 600 घालून 7,565चे बिल दिले होते. 21 टक्के सरळ व्याजाने ते 6,851 होत होते. 714 रुपये जास्तीचे. हा हिशेब मीच केला होता, आणि चेअरमननी सांगितला त्या दराने केला होता. पण त्याहून वाईट गोष्ट पुढच्या पानावर होती. इमारतीतली सर्वांत मोठी थकबाकी बाईंची नव्हती. ती जाळीवाल्या गृहस्थांची होती, 41,000 रुपये. त्यांचे नाव काचेच्या पेटीत कधी लागले नाही. आकडा माझ्याच अक्षरात होता.

बुधवारी सकाळी मी सही मागे घेत असल्याचे पत्र लिहून पोच घेतली. चेअरमन म्हणाले, "मग बाईंचे पैसे तुम्ही भरणार का?" मी म्हणालो, आधी 41,000ची नोटीस काढू, मग बोलू. त्यावर बराच आवाज झाला. समाजकार्य बाहेर करा, सोसायटीत राजकारण आणू नका, असे एक जण म्हणाले. शेवटी संध्याकाळी कमिटीपुढे मी उपविधी वाचून दाखवले. सेक्रेटरींनीच सांगितले, उद्या उपनिबंधकांकडे तक्रार गेली तर आपण तिघे उत्तर देणार आहोत. गुरुवारी व्हॉल्व्ह उघडला. दया येऊन उघडला असे मी म्हणणार नाही.

वार्षिक सभा सप्टेंबरमध्ये झाली. ती 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि चौदा पूर्ण दिवस आधी नोटीस द्यावी लागते. आमच्याकडे दरवर्षी पाच-सहा माणसे यायची. कोरम होत नाही म्हणून अर्धा तास थांबायचे, मग तहकूब सभा भरायची, तिला कोरम लागत नाही. सगळे ठराव त्यातच मंजूर. त्या वर्षी मी आणि माझी पत्नी दारोदार फिरलो. कोरमला वीस लागतात, तेवीस आले. मला त्या वेळी बाबासाहेबांचे 25 नोव्हेंबर 1949चे घटना समितीतले भाषण आठवत होते. सभेत बसायचे कसे, प्रस्ताव, ठराव, कोरम, मतमोजणी हे सर्व भिक्खू संघाला माहीत होते, असे त्यांनी तिथे सांगितले आहे. आपल्या बापजाद्यांनी झाडाखाली बसून जे केले ते आम्हाला पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर जमेना!

सभेत पहिल्यांदाच बायका बोलल्या. दंड रद्द झाले. व्याज 21 टक्क्यांवर आले. टाकी धुण्याचे एकाच वर्षात दोनदा पैसे दिले होते, त्यातल्या एका वेळचे व्हाउचर नव्हते. त्यावर प्रश्न आले आणि उत्तर मलाही देता आले नाही. लेखापरीक्षणातल्या दोषांची दुरुस्ती ओ नमुन्यात तीन महिन्यांत कळवायची असते, तीही आम्ही मागची दोन वर्षे कळवली नव्हती. बाईंचे नाव सभासद म्हणून लागले, पाचशे रुपये हस्तांतर फी आणि शंभर रुपये प्रवेश फी घेऊन.

सगळे सुरळीत झाले असे समजू नका. जाळी अजून आहे. 41,000चा अर्ज उपनिबंधकांकडे गेला, गृहस्थांनी काही भरले, काही भरले नाही. पुढच्या कमिटीत मला घेतले नाही. त्या जागेसाठी कोणीच उभा राहू नये असे वातावरण झाले, म्हणून माझ्या पत्नीने महिलांच्या जागेवर अर्ज भरला आणि निवडून आली. वह्या आता तिच्याकडे आहेत.

आपल्यापैकी कोणाला कमिटी कागद दाखवत नसेल तर लेखी मागा, पोच घ्या. कागद बघण्याचा आणि फी भरून नकला घेण्याचा सभासदाला हक्क आहे. सोसायटीकडे थेट माहिती अधिकाराचा अर्ज चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली तसे सांगितले आहे. पण उपनिबंधकांच्या कार्यालयात असलेले कागद त्या अर्जाने मागता येतात.

बाईंनी 6,851 रुपये सात हप्त्यांत फेडले. आईकडे त्या रोज संध्याकाळी येतात, दोघी तासभर बसतात. माझ्याशी कामापुरतेच बोलतात. पत्नी घरी नसली तर मेंटेनन्सचे पैसे माझ्या हातात देतात, पावती होईपर्यंत दारातच उभ्या राहतात, आणि आकडा मोठ्याने वाचून मगच खाली उतरतात.